माहिती आम्ही दिली, निष्कर्ष कुठे गेले? ऑटिझम संशोधन आणि कुटुंबांचा प्रश्न

रविवारची वंदना आटोपल्यावर विहाराच्या पायरीवर एका ताईंनी पर्समधून घडी घातलेला कागद काढून दाखवला. चार वर्षांपूर्वी मुलाला ऑटिझम असल्याचे निदान झाले, तेव्हा एका मोठ्या रुग्णालयात त्यांची सही घेतलेले ते संमतिपत्र होते. सगळे इंग्रजीत. मुलाचे रक्त घेतले, आईवडिलांचेही घेतले. मुलगा खेळत असताना चित्रीकरण केले. दोन दिवस बसवून गरोदरपणापासूनचा सगळा इतिहास विचारला. ताईंचा प्रश्न एकच होता, "दादा, त्यात काय निघालं, ते कुठं विचारायचं?"

हा प्रश्न त्यांच्या एकट्यांचा नाही. थेरपी केंद्राच्या बाहेर बाकावर बसलेल्या कोणत्याही आईला विचारा. कुणाची तरी प्रश्नावली भरून दिलेली असते, कुणी तरी पीएच.डी.साठी माहिती नेलेली असते, आणि त्यानंतर कुणी फिरकलेले नसते. शिकायला आलेल्याला मदत करावी म्हणून आपली माणसे सही करतात. पण सही करणाऱ्यालाही काही विचारण्याचा अधिकार आहे, हे त्यांना कुणी सांगत नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. निष्कर्ष दोन प्रकारचे असतात. एक सामूहिक: हजार मुलांच्या माहितीतून काय दिसले, कोणती पद्धत उपयोगी ठरली, कोणती ठरली नाही. दुसरा वैयक्तिक: तुमच्या मुलाच्या रक्तात किंवा लाळेत काय सापडले. पहिला सर्वांना सांगता येतो आणि त्याला फारसा खर्चही येत नाही, लागते ती फक्त साधी भाषा आणि इच्छा. दुसरा सांगणे खरोखर अवघड आहे. मात्र या अवघडपणाची सबब पुढे करून पुष्कळदा पहिलाही सांगितला जात नाही.

(ऑटिझमला मराठीत 'स्वमग्नता' म्हणतात. अनेक पालकांना हा शब्द आवडत नाही, कारण मूल स्वतःतच रमलेले आहे, त्याला इतरांची पर्वा नाही, असा त्याचा अर्थ निघतो. म्हणून इथे ऑटिझम हाच शब्द वापरला आहे.)

ऑटिझमच्या अभ्यासाची सुरुवातच एका कुटुंबाने दिलेल्या माहितीतून झाली. अमेरिकेतील मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट या गावच्या ट्रिपलेट नावाच्या वकिलाने १९३८ मध्ये आपला मुलगा डोनाल्ड याच्याबद्दल बाल्टिमोरच्या डॉ. लिओ कॅनर यांना टंकलिखित ३३ पानी पत्र पाठवले. मूल कसे बोलते, काय खाते, कशाने चिडते, कोणती गोष्ट पुन्हा पुन्हा करते, हे सगळे त्यात होते. कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांवरचा प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यातला पहिला मुलगा हाच डोनाल्ड. पण त्या निबंधात पत्राचे कौतुक करतानाच, वडिलांनी बारीकसारीक गोष्टींचा अति ध्यास घेतल्याची नोंदही आहे. निबंधाच्या शेवटी या मुलांच्या आईवडिलांमध्ये मायेची ऊब क्वचितच दिसते, असा शेरा आहे. म्हणजे बापाने जीव तोडून मुलाची माहिती दिली आणि तीच त्याच्या स्वभावाचा पुरावा ठरली.

पुढे या शेऱ्याचा सिद्धांत झाला. आई थंड, म्हणून मूल असे. दोन दशकांहून अधिक काळ अमेरिकेतल्या आयांनी हा आरोप सोसला. कॅनर यांनी १९६९ मध्ये पालकांच्या सभेत उभे राहून त्यांना जाहीरपणे दोषमुक्त केले. तोवर कित्येक आयांचे आयुष्य त्या ठपक्याखाली निघून गेले होते.

आपल्याकडे त्या जागी पूर्वजन्म येतो. 'काहीतरी पाप केलं असेल' हे वाक्य अजून ऐकू येते, आणि खेदाची गोष्ट म्हणजे बौद्ध घरांतही येते. माणसाच्या आजच्या दुःखाला मागच्या जन्मीचे कर्म जबाबदार धरणारी कल्पना बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात स्पष्ट नाकारली आहे. गरिबाला गरीब ठेवण्याची ती सोय आहे, हे त्यांनी ओळखले होते. पण नुसते नाकारून आईचे मन शांत होत नाही. 'मग कशामुळे?' हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर, निदान जेवढे माहीत आहे तेवढे, संशोधनाकडे असते. ते आईपर्यंत पोचले नाही तर मधली रिकामी जागा बुवा भरतो, नातेवाईक भरतात, आणि लाखो रुपये घेऊन मूलपेशींचे इंजेक्शन देणारे दवाखाने भरतात. ऑटिझमसाठी मूलपेशी उपचाराची शिफारस करता येत नाही, हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिविषयक मंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये सांगितले. किती पालकांपर्यंत ते पोचले?

अमेरिकेतल्या पालकांनी मात्र पुढे चित्र बदलायला लावले. बर्नार्ड रिमलँड हे मानसशास्त्रज्ञ स्वतः ऑटिझम असलेल्या मुलाचे वडील होते. त्यांनी १९६४ च्या आपल्या पुस्तकातून थंड आईचा सिद्धांत खोडून काढला. पुस्तकाच्या शेवटी एक प्रश्नावली छापली होती, ती भरून कितीतरी आईवडिलांनी त्यांना पाठवली. दुसऱ्याच वर्षी या पालकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. १९९०च्या दशकात आणखी एका पालक-संघटनेच्या लक्षात आले की शास्त्रज्ञ कुटुंबांकडून घेतलेले नमुने आपापल्या कपाटात ठेवतात, एकमेकांनाही देत नाहीत. तेव्हा पालकांनी १९९७ च्या सुमारास स्वतःचीच जनुकीय नमुन्यांची पेढी काढली. तिचा नियम असा की पात्र असलेल्या कोणत्याही संशोधकाला नमुने मिळतील, कुणा एकाची मक्तेदारी राहणार नाही.

मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते यानंतरचे उदाहरण. बाल्टिमोरच्या केनेडी क्रीगर इन्स्टिट्यूटमध्ये २००७ साली 'इंटरॅक्टिव्ह ऑटिझम नेटवर्क' सुरू झाले. कुटुंबांनी घरबसल्या प्रश्नावल्या भरायच्या आणि काय दिसले ते त्यांना साध्या भाषेत परत सांगायचे, ही त्याची रीत. मुले अचानक घरातून, शाळेतून निघून जातात, यावर अभ्यास करा, असा पालकांच्या संघटनांचा आग्रह होता. ज्यांच्या घरात असे मूल आहे त्यांना वेगळे सांगायला नको: दाराला वरची कडी, आईची रात्रभर अर्धी झोप, आणि तरीही एका क्षणात मूल रस्त्यावर. शेजारी म्हणतात, लक्ष देत नाहीत. डॉक्टरांकडे या गोष्टीला नावसुद्धा नव्हते.

२०११ मध्ये प्रश्नावली पाठवली गेली. कुटुंबांनी भराभर उत्तरे दिली आणि काही आठवड्यांतच प्राथमिक निष्कर्ष त्यांच्यासमोर ठेवले गेले. हे आकडे प्राथमिक आहेत, बदलू शकतात, असे सांगूनच ठेवले. शास्त्रीय नियतकालिकातला निबंध २०१२ मध्ये आला. १,२१८ मुलांपैकी ४९ टक्के मुलांनी वयाच्या चौथ्या वर्षानंतर एकदा तरी निघून जाण्याचा प्रयत्न केला होता. २६ टक्के मुले काळजी वाटावी इतका वेळ बेपत्ता होती. त्यांपैकी बऱ्याच जणांवर वाहनाखाली येण्याची किंवा पाण्यात बुडण्याची वेळ येता येता टळली होती. ऑटिझम नसलेल्या सख्ख्या भावंडांमध्ये हे प्रमाण कितीतरी कमी होते. या शेवटच्या वाक्यात सगळे आले. आईवडील तेच, घर तेच, लक्ष देणे तेच. मग हा दोष लक्ष न देण्याचा कसा?

निबंध छापून येण्याआधी, २०११ मध्येच, अमेरिकेच्या रोगनिदान-संकेतावलीत 'भटकणे' यासाठी स्वतंत्र संकेतांक आला. डॉक्टरला आता ते कागदावर लिहिता येऊ लागले, आणि कागदावर आले की शाळेकडे, विम्याकडे, पोलिसांकडे मागणी करता येते. प्रश्न कुटुंबांनी विचारला, माहिती कुटुंबांनी दिली, उत्तर कुटुंबांना मिळाले आणि ते हातात घेऊन कुटुंबे सरकारदरबारी गेली. निष्कर्ष परत मिळणे म्हणजे काय, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

आता वैयक्तिक निष्कर्षांकडे येऊ. इथे घाई चालत नाही. अमेरिकेतल्याच सायमन्स फाउंडेशनने २०१६ मध्ये 'स्पार्क' नावाचा प्रकल्प सुरू केला. घरी डबी येते, मूल आणि आईवडील त्यात लाळ देतात, टपालाने परत पाठवतात. ऑटिझम असलेल्या एक लाखाहून अधिक व्यक्ती त्यात सामील झाल्या आहेत. ऑटिझमशी संबंध पक्का झालेल्या जनुकांची एक यादी आहे. त्यातल्या एखाद्यात बदल सापडला आणि कुटुंबाने 'आम्हाला कळवा' असे आधी सांगितले असेल, तर तो निष्कर्ष पुन्हा पडताळून समुपदेशकाच्या किंवा डॉक्टरच्या मार्फत कळवला जातो. ही यादी वाढत जाते, तसे जुने नमुनेही पुन्हा तपासले जातात. म्हणजे आज उत्तर नसलेल्याला काही वर्षांनी उत्तर मिळू शकते.

पण असे उत्तर फार तर दहातल्या एखाद्या कुटुंबाला मिळते. बाकीच्यांना काहीच सापडत नाही. याचा अर्थ मुलाचा ऑटिझम खरा नाही किंवा त्यात आनुवंशिकता नाही, असा होत नाही. बहुतेकांमध्ये एकच एक जनुक जबाबदार नसते, अनेक छोटे छोटे फरक एकत्र येतात, आणि ते एका चाचणीत पकडता येत नाहीत. हे आधीच समजावले नाही, तर 'रिपोर्ट नॉर्मल' असे ऐकून घरी गेलेला बाप उद्यापासून थेरपी बंद करतो. वाट बघणाऱ्या कुटुंबाला 'अजून काही सापडले नाही' हे कळवणे हादेखील निष्कर्षच आहे.

सापडले तर उपयोग काय? कधी कधी मोठा असतो. पीटीईएन नावाच्या जनुकातला बदल काही ऑटिस्टिक मुलांत सापडतो. या बदलामुळे पुढे थायरॉइड, स्तन अशा अवयवांच्या कर्करोगाचा धोका वाढतो. ते माहीत असले तर नियमित तपासणी करता येते, आणि तो बदल आईकडे किंवा वडिलांकडेही असेल तर त्यांचीही. काही जनुकीय बदलांत फिट येण्याची शक्यता असते आणि औषध निवडताना त्या माहितीची मदत होते. शिवाय तोच दुर्मीळ बदल असलेली जगभरातली कुटुंबे एकमेकांना शोधू शकतात. डॉक्टरने कधी न पाहिलेल्या गोष्टीबद्दल दुसऱ्या आईशी बोलता येणे ही लहान गोष्ट नाही.

अडचणी दोन आहेत आणि त्या आपल्या संदर्भात जास्त टोचतात. पहिली, जनुकात बदल दिसतो पण तो निरुपद्रवी की कारणीभूत, हे सांगता येत नाही. अशा बदलांचा अर्थ लावायला आजवर जमवलेल्या नोंदींशी तुलना करावी लागते आणि त्या नोंदींत युरोपीय वंशाचे लोक फार मोठ्या संख्येने आहेत. आपल्या माणसाच्या रक्तात दिसलेला बदल म्हणून अधिक वेळा 'अर्थ अनिश्चित' या खान्यात जाऊन पडतो. ज्यांची गणतीच झाली नाही त्यांना उत्तरही मिळत नाही, हे आपल्या समाजाला नवे नाही.

दुसरी अडचण घरातली आहे. 'हा बदल आईकडून आला' असे एक वाक्य समुपदेशनाशिवाय सासरी पोचले, तर त्या बाईचे काय होईल, हे वेगळे सांगायला हवे का? वास्तविक ऑटिझममध्ये सापडणारे अनेक ठळक बदल आईवडील दोघांतही नसतात, मुलातच प्रथम घडलेले असतात. आणि बदल आईकडून किंवा वडिलांकडून आलेला असला तरी तो कुणी निवडून दिलेला नसतो. निष्कर्ष कळवायचा तर इतके बोलायला माणूस आणि वेळ हवा. जनुकीय समुपदेशक आपल्याकडे मोठ्या शहरांबाहेर सहज मिळत नाहीत. म्हणून नुसता अहवाल व्हॉट्सॲपवर पाठवून जबाबदारी संपवणे हेही चूकच.

माहिती घेतली एका कामासाठी आणि वापरली दुसऱ्यासाठी, असे झाले तर काय होते, हे अमेरिकेतल्या हवासुपाई आदिवासींनी दाखवून दिले. विषय ऑटिझमचा नव्हता, मधुमेहाचा होता. ग्रँड कॅन्यनमध्ये राहणाऱ्या या लहान जमातीने १९९० च्या सुमारास ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांना रक्त दिले. त्याच रक्तावर पुढे स्किझोफ्रेनिया, आपसातले विवाह आणि पूर्वजांचे स्थलांतर यांवर अभ्यास झाले, आणि जमातीला ते योगायोगाने कळले. खटला झाला. २०१० मध्ये तडजोड होऊन विद्यापीठाने ७ लाख डॉलर दिले आणि उरलेले रक्ताचे नमुने परत केले. नमुने परत घेताना लोक रडले, कारण त्या रक्ताचे काही मालक तोवर वारले होते.

ब्रिटनमध्ये २०२१ च्या ऑगस्टमध्ये १०,००० ऑटिस्टिक व्यक्तींचा डीएनए गोळा करण्याचा मोठा प्रकल्प जाहीर झाला. तो काही आठवड्यांतच थांबवावा लागला, कारण ऑटिस्टिक प्रौढांनीच विरोध केला: आमचा डीएनए पुढे कुणाच्या हाती जाईल, आम्ही जन्मूच नये यासाठी तर वापरला जाणार नाही ना? आपण सतत आईवडिलांबद्दल बोलतो. पण ज्याचे रक्त असते तो मुलगा मोठा होतो, आणि निष्कर्ष कळण्याचा, किंवा न कळू देण्याचा, पहिला अधिकार त्याचा आहे.

भारतात काय आहे? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची राष्ट्रीय नीतिविषयक मार्गदर्शक तत्त्वे आहेत. संमतिपत्र सहभागीला समजेल अशा भाषेत हवे, त्याची प्रत त्याला मिळायला हवी, प्रमुख संशोधकाचा आणि नीतिसमितीचा संपर्क त्यावर हवा, संशोधनाचा लाभ आणि निष्कर्ष समुदायापर्यंत पोचायला हवेत, असे त्यात आहे. जागतिक वैद्यकीय संघटनेच्या हेलसिंकी जाहीरनाम्यातही सहभागींना अभ्यासाचे निष्कर्ष जाणून घेण्याचा पर्याय द्यावा, असे म्हटले आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यावर मात्र फार विसंबू नये, कारण संशोधनासाठीच्या वापराला त्यात ठरावीक मानकांच्या अटीवर बरीच सूट आहे.

आपल्या शेजारीच एक वेगळे उदाहरण घडले आहे. गोव्यातल्या 'संगत' या संस्थेने आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीच्या संशोधकांनी मिळून ६५ मुलांवर एक चाचणी केली, ती २०१६ मध्ये 'लॅन्सेट सायकिअॅट्री'त आली. तज्ज्ञ नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी आई आणि मूल खेळत असतानाचे चित्रीकरण करायचे आणि लगेच तेच आईसोबत बसून पाहायचे: इथे त्याने तुमच्याकडे पाहिले, इथे तुम्ही थांबलात म्हणून त्याला बोलायला जागा मिळाली. या पद्धतीत आईकडून घेतलेली माहिती आईलाच परत मिळते आणि तोच उपचार असतो. निकालही प्रामाणिकपणे मांडले गेले. आईचा प्रतिसाद सुधारला, मुले स्वतःहून अधिक संवाद सुरू करू लागली. मात्र दोघांनी एकत्र लक्ष देण्याच्या वेळेत उलट घट दिसली, तीही नोंदवली. विहारात बसून कुठल्याही आईला हे पाच मिनिटांत सांगता येते.

दोन ते नऊ वर्षे वयाच्या ३,९६४ मुलांची पाहणी भारतात पाच ठिकाणी झाली आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यातले एक ठिकाण उत्तर गोवा होते. शंभरात साधारण एका मुलाला ऑटिझम आहे, असे त्यातून दिसले. म्हणजे आपल्या प्रत्येक मोठ्या वस्तीत ही मुले आहेत. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये ऑटिझमचा समावेश आहे, प्रमाणपत्र मिळते. हा एक आकडा हातात असता तर 'आमच्याकडे असलं काही नसतं' म्हणणाऱ्या किती शाळांना उत्तर देता आले असते!

म्हणून पुढच्या वेळी कुणी सही मागितली तर आधी विचारा: मराठीत कागद आहे का, आणि त्याची प्रत मला मिळेल का? रक्त किंवा लाळ किती वर्षे ठेवणार, दुसऱ्या अभ्यासासाठी वापरणार असाल तर मला पुन्हा विचारणार का? काही सापडले तर कळवणार का, कोण कळवणार? अभ्यास संपल्यावर एक पानभर का होईना, मराठीत काय निघाले ते पाठवाल का? उत्तर 'नाही' आले तरी सही करायची की नाही, हे तुम्ही ठरवा. संशोधन आपल्याला हवेच आहे, आपली मुले त्यात मोजली जायला हवीतच. आणि नकार दिला म्हणून मुलाचे उपचार थांबवता येत नाहीत, हे लक्षात असू द्या.

त्या ताईंचा कागद आम्ही पायरीवर बसून पुन्हा वाचला. तिसऱ्या पानाच्या तळाशी नीतिसमितीच्या सचिवांचा पत्ता होता. त्याच आठवड्यात मराठीत अर्ज लिहिला. प्रश्न दोनच: अभ्यासाचा निष्कर्ष काय, आणि आमच्या तिघांचे रक्त आता कुठे आहे. आवक विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतला. ती प्रत आता संमतिपत्राच्या घडीत आहे. दीड महिना झाला. ताई दर सोमवारी फोन करतात.